कुणाच्या रंगावर गेलंय

पलूसजवळच्या एका घरात बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि बायका बाळाभोवती कोंडाळं करून बसल्या. खोलीत वेखंडाचा, धुरीचा आणि ओलसर दुपट्यांचा वास भरलेला. एका मावशींनी टोपडं मागं सारलं, बाळाच्या कानाची पाळी चिमटीत धरून उजेडाकडं वळवली आणि म्हणाल्या, "आत्ता दिसतंय गोरं, पण कान बघा की. बापाच्या रंगावर जाणार." दुसरीनं नखांची मुळं बघितली आणि मान डोलावली. "मुलगा हाय, चालतंय," असं कुणीतरी म्हणालं, बाळाची आई हसली आणि गप्पा पेढ्यांकडं वळल्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. बाळाची चार वर्षांची बहीण पलंगाच्या कडेला उभी राहून हे सगळं बघत होती. थोड्या वेळानं ती आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, केस मागं घेतले आणि स्वतःचा कान दुमडून त्याची कड बघायला लागली. आपलाच कान आपल्याला नीट दिसत नाही. मान वाकडी करून, डोळे तिरके करून ती बघत राहिली. मग तिनं बाहुली उचलली आणि बाहुलीचा कान बघितला. तो गुलाबी होता.

तिला कुणी एक शब्दही शिकवला नव्हता.

कान बघणाऱ्या बायकांचं निरीक्षण तसं खोटं नाही. जन्मताना बाळाची कातडी पातळ असते, आतलं रक्त वरून दिसतं, म्हणून बाळ लालसर किंवा गुलाबी वाटतं. रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करणाऱ्या पेशी कातडीत असतात, पण त्यांचं काम अजून पुरतं सुरू झालेलं नसतं. पुढच्या काही महिन्यांत ते सुरू होतं आणि रंग गडद होत जातो. कानाच्या कडा, नखांची मुळं इथं तो आधी दिसतो, एवढाच त्या चिमटीचा अर्थ. म्हणजे आपल्याकडचं जवळपास प्रत्येक बाळ जन्मानंतर थोडं 'काळवंडतं', आणि ते काळवंडायला लागलं की घरात कारणं शोधायला सुरुवात होते: तेल बदललं, उन्हात नेलं, नजर लागली. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात आणि त्याचे कण कसे पसरतात यात. हे अनेक जनुकांवर ठरतं. त्यातल्या एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकातला एक छोटा बदल भारतीयांच्या उजळ-सावळेपणातल्या फरकाचा एक ठळक वाटा घडवतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं; त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. एकाच आईबापाच्या दोन पोरांत एक गोरं आणि एक सावळं निघतं ते या जनुकांच्या वाटणीमुळं. त्यात ना आईचा गुण, ना बापाचा दोष.

पण हा हिशोब बाळ पोटात असतानाच मांडायला लागतात. केशराचं दूध, शहाळ्याचं पाणी, पांढरं खोबरं. यातलं काहीच बाळाच्या कातडीपर्यंत रंग म्हणून पोचत नाही. दूध आणि शहाळं आईच्या पोटाला चांगलं, इतकंच. याची दुसरी बाजू मात्र जिवावर बेतणारी आहे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. या गोळ्यांनी बाळ काळं होतं असा समज गावोगाव आहे. गोळी सुरू केली की शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळं तो समज आणखी घट्ट बसतो. मग गोळ्या डब्यात तशाच राहतात, सासूला सांगायचं 'घेतली', आणि नवव्या महिन्यात रक्त तपासलं की हिमोग्लोबिन खाली. आशाताईंनी इथं 'अंधश्रद्धा ठेवू नका' म्हणून काही होत नाही. काळा रंग येतो तो पोटात न शोषल्या गेलेल्या लोहाचा, तो आतड्यातूनच बाहेर जातो, बाळाकडं जात नाही, असं नीट उलगडून सांगितलं, आणि चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या हेही सांगितलं, तर गोळी घेतली जाते. काळ्या रंगाची ही भीती आईचं रक्त कमी करते. आणि ती जन्माला यायच्या आधीपासून बाळाच्या वाट्याला येते.

मग मूल स्वतः रंग कधी बघायला लागतं? आपल्याला वाटतं त्याच्या फार आधी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांना काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले होते. इस्रायलमधल्या गोऱ्या घरातली बाळं गोऱ्या चेहऱ्याकडं जास्त वेळ बघत राहिली, इथिओपियातली बाळं काळ्या चेहऱ्याकडं. आणि इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांची बाळं, ज्यांच्याभोवती दोन्ही तऱ्हेची माणसं वावरत होती, ती दोन्हींकडं सारखीच बघत होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळांत मात्र अशी आवड दिसत नाही, हे इंग्लंडमधल्या अभ्यासातून कळलं. तेव्हा हा काही द्वेष नव्हे. रोज उचलून घेणारा चेहरा ओळखीचा होतो, आणि ओळखीचं बाळाला आवडतं. आमच्याकडं पाळण्याभोवती वाकणारे चेहरे गव्हाळ, सावळे, काळे, क्वचित गोरे. म्हणजे सांगली-साताऱ्यातलं मूल सावळ्या चेहऱ्यांच्या मायेतच वाढतं, आणि तेच मूल साडेचार वर्षांचं झालं की 'मला गोरी बाहुली पाहिजे' म्हणतं. मधल्या चार वर्षांत काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की मूल शब्दांपेक्षा आपले हात वाचतं. इटलीतल्या बालवाडीतल्या मुलांना एका गोऱ्या आणि एका काळ्या माणसाच्या भेटीचे व्हिडिओ दाखवले गेले, २००८ सालची ही गोष्ट. गोरा माणूस तोंडानं समानतेचं गोड बोलत होता की नाही, याचा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. तो लांब बसला का, नजर चुकवली का, हात देताना अवघडला का, यावर मुलांचं मत ठरलं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली याच धाग्यावर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दोन अभिनेत्री मुलांना अनोळखी अशा दोन बायकांशी तीच वाक्यं बोलतात, तेच खेळणं देतात. एकीला वाकून, हसून, आणि दुसरीला मागं सरकून, कोरड्या आवाजात. बघणारी मुलं चार-पाच वर्षांची. जिच्याशी हसून बोललं गेलं ती बाई बहुतेकांना आवडली. पुढं तिची मैत्रीण म्हणून जी दाखवली, तीही आवडली. दुसऱ्या बाईनं काही केलंच नव्हतं. तिच्याशी जे वागलं गेलं त्यावरून मुलांनी तिची किंमत केली.

हे वाचल्यावर कुठल्याही बालवाडीत तासभर कोपऱ्यात बसावं. शेंबूड सगळ्याच पोरांना येतो. एखाद्याचं नाक बाई बोलता बोलता पदरानं पुसतात, दुसऱ्याला लांबूनच सांगतात, "जा, नळावर धुऊन ये." एकीचे गाल ओढले जातात, एकीचं फक्त दप्तर सरळ केलं जातं. बाई निर्मळ मनाच्या असतात, विचारलं तर त्यांना खरोखर आठवतही नाही. वर्गातल्या पंचवीस पोरांना मात्र ते पाठ असतं. मधल्या सुट्टीत 'बाई-बाई' खेळ सुरू झाला की बाईची भूमिका करणारी पोरगी नेमकी तेच करते, त्याच पोरांशी.

गॅदरिंगला हे सगळं उजेडात येतं. गोकुळाच्या नाचात कृष्ण कोण होणार? ज्याचं नावच काळ्या रंगावरून पडलंय त्या देवासाठी वर्गातला सगळ्यात गोरा मुलगा निवडतात आणि त्याला निळा रंग फासतात. सावळी पोरं पेंद्या, कालिया, नाहीतर मागच्या रांगेतली झाडं. ड्रेपरीवाल्याबरोबर आलेला माणूस एकाच शेडचा पॅनकेक, म्हणजे मेकअपचा थर, ओल्या स्पंजानं सगळ्यांच्या तोंडावर ओढत जातो. कातडीपेक्षा दोन-तीन शेड उजळ थर गडद चेहऱ्यावर बसला की तो गोरा दिसत नाही, राखाडी दिसतो. कान, मान आणि हात तसेच राहतात, दिव्याखाली घाम आला की कपाळावर ओघळ उठतात, आणि सहा वर्षांची पोरगी आरशात स्वतःला ओळखत नाही. तरी आई म्हणते, "बघ, किती छान दिसायलीस!" म्हणजे छान दिसायचं तर आपलं तोंड झाकावं लागतं, हे तिला त्या संध्याकाळी कळतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, तिथं रंगभूषेची इतकी मोडतोड व्हायचं कारण नाही. शेड जबड्याच्या कडेला लावून बघायची, मनगटावर नाही, कारण हात आणि चेहरा एका रंगाचे नसतात. दोन टोन जवळ ठेवायचे. थर मानेपर्यंत आणि कानामागं उतरवायचा. खरं तर बालवाडीच्या पोरांना थर लावूच नये. काजळ, टिकली, झालंच तर ओठांना जरासा रंग. नाच तोच राहतो. आणि भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, एवढी साधी गोष्ट कुठलीही शाळा करू शकते.

अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर चार बाहुल्या ठेवल्या होत्या. बाहुल्या एकसारख्या, फरक फक्त रंगात. खेळायला कुठली घेशील, छान कुठली, वाईट कुठली, असे प्रश्न. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली घेतली. शेवटी विचारलं, यातली तुझ्यासारखी कुठली? तेव्हा काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली. गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या कामाचा दाखला दिला. आमच्याकडं कायद्यानं रंगावरून शाळा कधी वेगळ्या नव्हत्या, ती जखम तिथली आहे. पण तो शेवटचा प्रश्न इथल्या कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात विचारून बघावा. कप्प्यात तशी बाहुलीच सापडत नाही.

रंगांच्या डबीतही ती अडचण आहेच. आमची पोरं ज्या फिकट गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणतात, तसल्याच खडूचं 'फ्लेश' हे नाव क्रेयोला कंपनीनं १९६२ सालीच बदलून 'पीच' केलं होतं. बालवाडीत मात्र आजही ऐकू येतं, "बाई, स्किन कलर द्या की." मागणारा हात त्या खडूपेक्षा कितीतरी गडद. यावर उपाय स्वस्त आहे, एका दुपारचा आहे, आणि तो मुलांना प्रचंड आवडतो: रंग घरी बनवायचा. पोस्टर कलरच्या चार बाटल्या लागतात, पिवळा, तांबडा, निळा, पांढरा. दोन चमचे पिवळ्यात एक चमचा तांबडा घातला की नारिंगी होतो. मग काडीच्या टोकानं निळा, एकेक थेंब, दर थेंबाला ढवळत. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला नारिंगी मोडून तपकिरी व्हायला लागतो आणि टेबलाभोवतीची पोरं एकदम गप्प होतात. उजळ छटा हवी तर शेवटी पांढरा, चिमूटभर. तांबूस हवी तर तांबडा. बिघडतं ते दोन ठिकाणी. गडद करायला कुणीतरी काळा ओततं, आणि पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवट होतो. म्हणून काळ्याची बाटली टेबलावर ठेवूच नये, गडद करायचं ते निळ्यानं आणि तांबड्यानं. दुसरं, पांढरा जास्त झाला की रंग खडूसारखा मेलेला दिसतो, त्याला परत जिवंत करायला पिवळा घालावा लागतो. कागदाच्या पट्टीवर फराटा ओढून ती कोपराच्या आतल्या बाजूला धरून बघायची, पण वाळल्यावर. वाळताना फिकट छटा थोडी गडद होते आणि गडद थोडी फिकट. पोरं या रंगांना स्वतःच नावं देतात. भाजके शेंगदाणे, काकवी, बेदाणा. तासगावच्या बाजूला बेदाण्याच्याच तीन छटा निघतात.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. तयार वाट्या उजळपासून गडदपर्यंत अशा रांगेत मांडायच्या नाहीत आणि त्यांच्यावर पोरांची नावं लिहायची नाहीत. रांग दिसली की पोरं लगेच नंबर लावतात, आणि 'पहिला' कुठल्या टोकाला हे त्यांना ठाऊक असतं. टेक्सासमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तीन आठवडे लाल आणि निळे टी-शर्ट घालायला दिले होते. काही वर्गांत बाई 'लाल मुलांनो, निळ्या मुलांनो' अशी हाक मारायच्या, रांगा तशाच लावायच्या. कुठला रंग चांगला हे कुणीच म्हटलं नव्हतं. तरी तिथली मुलं आपल्या रंगाला झुकती झाली. नुसती विभागणी पुरते.

घरात तर काळ्याचा पसाराच वेगळा. काळी तीट बाळाला जपते. मंगळसूत्राचे मणी काळे. संक्रांतीला एरवी वर्ज्य असलेला काळा कपडा मुद्दाम शिवतात आणि बोरन्हाणात काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने असे खुलतात की पोरगं राजबिंडं दिसतं. विठोबा सावळा. मांढरदेवीच्या काळूबाईला पौष पौर्णिमेला डोंगरभर माणूस लोटतो, आणि डोंगर उतरून गावात आल्यावर तेच नाव एखाद्या पोरीला चिडवायला वापरतात. मूल हे दोन्ही ऐकतं. त्याला विसंगती कळत नाही, पण भाव कळतो: पूजेतला काळा वेगळा, आणि माणसाच्या अंगावरचा वेगळा. ज्या घरात जमिनीला काळी आई म्हणतात त्या घरात मुलाला सांगायला किती आयतं साहित्य आहे! ते आपण वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि रंग इथं एकटा येत नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या, मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्या येतात. उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन निघतात. पोरं कोपीसमोर, धुरळ्यात आणि उन्हात. त्यांचे केस भुरे पडलेले, गाल फुटलेले, रंग रापलेला. गावातल्या अंगणवाडीत त्यातली काही येतात. "उन्हात हिंडू नको, काळी पडशील, कोपीवरल्या पोरींसारखी दिसशील," असं आई आपल्या लेकीला म्हणते तेव्हा ती ऊनच सांगत असते, पण लेकीच्या कानात रंग, गरिबी, अंगाचा वास आणि 'त्यांची जात' हे सगळं एका गाठीत बांधलं जातं. खाऊ देताना कोपीवरच्या पोराच्या ओंजळीत वरून टाकला जातो आणि आपल्या पोराच्या हातावर ठेवला जातो, तेव्हा ती गाठ पक्की होते. काळ्या रंगाबद्दल मुलांशी बोलायचं आणि जातीबद्दल गप्प बसायचं, हे आमच्या भागात अर्धं काम आहे. मुलांना दोन्ही एकत्रच दिसतं.

तीन-चार वर्षांचं मूल मोठ्यानं म्हणतं, "ती काळी आहे, मी तिच्याशेजारी बसणार नाही." आपण ओशाळतो आणि "शू! असं बोलू नये" म्हणून हात दाबतो. यातून मुलाला कळतं ते इतकंच की काळं असणं ही कुजबुजायची गोष्ट आहे. 'सगळी माणसं सारखी' हेही या वयाला पोचत नाही, कारण डोळ्यांना ती सारखी दिसत नाहीत. तिथंच, साध्या आवाजात सांगावं, "हो, तिचा रंग तुझ्यापेक्षा गडद आहे. आईबाबांकडून मिळतो तो. धुतला तरी जात नाही आणि हात लावला तरी लागत नाही." शेवटचं वाक्य गाळू नये. या वयाची बरीच मुलं रंग म्हणजे मळ समजतात. मोरीत बसून वजरीनं कोपर घासणारी पोरं आहेत, कातडी लाल होईपर्यंत. मग विचारावं, शेजारी का नाही बसायचं? बहुतेक वेळा उत्तर दुसरंच निघतं: ती पेन्सिल देत नाही, तिनं ढकललं. ते भांडण भांडण म्हणूनच सोडवावं. आणि उत्तर खरंच रंगाचं निघालं, तर कुणाकडून ऐकलंस हे रागावून विचारू नये. दुसऱ्या दिवशी त्या दोघींना मिळून करायचं काम द्यावं, पाणी भरायचं, सतरंजी घालायची, आणि आपण त्या दुसरीच्या शेजारी बसावं.

आजीला मात्र तोडून बोलू नये. डाळीचं पीठ, साय आणि हळद घेऊन ती बाळाला चोळते त्यात तिची पन्नास वर्षांची माया आहे. तिला सांगायचं ते कातडीच्या बाजूनं: बाळाच्या कातडीला पीठ ओरखडतं, पुरळ उठतं, अंगावरची लव आपोआप गळून जाते, कोमट तेल आणि हलका हात पुरे. मालीश तिच्याकडंच ठेवावं. राहिला 'उजळ हो गं माझी बाय' हा जप. तो सुटायला वेळ लागतो, एकदा सांगून सुटत नाही. पण सांगायचं ते मोठं भावंड खोलीत नसताना. पोरासमोर आजीला अडवलं तर त्याला रंगाचा मुद्दा कळत नाही, आजी का गप्प झाली एवढंच लक्षात राहतं, आणि त्या गप्प होण्याचा अर्थ ते स्वतःच लावत बसतं.